न झालेल्या तासाला 'अ-१'

१ मेला झेंडावंदन झालं, निकाल लागला, माझी लेक सातवी पास झाली. निकालपत्रक हातात आल्यावर मी सवयीनं आधी गणित बघितलं, मग विज्ञान, मग इंग्रजी. आपण सगळे असंच बघतो. खालच्या तीन ओळींकडं कुणाची नजर जात नाही. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण. तिन्हीला अ-१. कलेच्या पुढं नोंद होती, 'तालासुरात गाते, संगीताची आवड आहे.'

मी म्हटलं, "अगं वा, गाण्यात अ-१!"

लेक हसायला लागली. "आई, गाण्याचा तास एकदाही झाला नाही. वर्षभरात एकदाही."

मग मला जूनमधला कागद आठवला. सहावी ते आठवीच्या मुलांनी आवडीचा एक विषय निवडायचा होता. संगीत, चित्रकला, शिवणकाम, बागकाम, संगणक. समोर चौकोन, खाली पालकाची सही. लेकीला पखवाज शिकायचा होता. आजोबांबरोबर हरिपाठाला बसून बसून तिला तो नाद लागलाय. "आई, मुलींना शिकवतात ना पखवाज?" असं तिनं दोनदा विचारलं होतं. मी म्हटलं, का नाही शिकवणार? तिनं संगीतापुढं बरोबरची खूण केली, मी सही केली.

शनिवारचे शेवटचे दोन तास 'आवडीचा विषय' म्हणून वेळापत्रकात लागले. पहिल्या शनिवारी मुलांना मैदानातले कागद गोळा करायला लावले. दुसऱ्या शनिवारी गणिताचे सर आले, कारण त्यांचा धडा मागं राहिला होता. त्यानंतर कायम गणिताचेच सर आले. आठवीच्या वर्गात त्या तासांना शिष्यवृत्तीचे सराव पेपर. आणि मे महिन्यात सगळ्यांना अ-१.

आता माझ्याकडं बोट दाखवते. मी गेली दोन वर्षं शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. वेळापत्रक आमच्यापुढं आलं होतं, 'आवडीचा विषय' वाचून आम्ही कौतुक केलं आणि सही केली. त्यानंतर एकाही शनिवारी जाऊन बघितलं नाही. म्हणजे त्या खोट्या नोंदीत माझाही वाटा आहे. म्हणून हे लिहितेय. शाळेचं नाव लिहिणार नाही. लपवायचं आहे म्हणून नाही. त्या जागी तुमच्या पोराच्या शाळेचं नाव घालून वाचलंत तरी बहुतेक ठिकाणी फरक पडणार नाही, म्हणून.

मुख्याध्यापकांना भेटले. माणूस प्रामाणिक आहे. म्हणाले, "ताई, संगीताला शिक्षक कुठंय? चित्रकलेचे सर निवृत्त झाले, जागा भरली नाही. पण नोंद रिकामी ठेवता येत नाही. भरावीच लागते."

त्यांचंही खरंच आहे. २०१० पासून आपल्याकडं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाला लेखी परीक्षा नको, वर्षभर मुलाचं काम बघून आकारिक मूल्यमापन करा, असं ठरलं. विचार चांगला होता. पोराला घोकंपट्टीतून सोडवायचं होतं. पण वर्षभर बघायला वर्षभर तास व्हावा लागतो! तास नाही, शिक्षक नाही, पण नोंद पाहिजे. मग तयार नोंदींच्या याद्या फिरायला लागल्या. 'टाकाऊपासून टिकाऊ वस्तू बनवतो.' 'गीत तालासुरात म्हणते.' 'चित्रात रंग सुबक भरतो.' एकीकडून उचलायचं, दुसरीकडं चिकटवायचं. परीक्षेत कॉपी केली तर पोराला आपण पकडतो. इथं अख्खी व्यवस्था कॉपी करते आणि पोरं ते उघड्या डोळ्यांनी बघतात. लेकीचं हसणं मला त्याच्यासाठीच लागलं. बारा वर्षांच्या पोरीला कळलंय की सरकारी कागदावर जे लिहितात त्याचा आणि घडतं त्याचा संबंध नसतो. वर्षभरात शाळेनं तिला दुसरं काही शिकवलं नसेल, पण हे पक्कं शिकवलं.

"निवृत्त झालेल्याची जागा भरली नाही" हे वाक्य आपण नशिबासारखं ऐकून घेतो. ते नशीब नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी स्पष्ट लिहिलंय की पट शंभरच्या वर असेल तर कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्यासाठी अंशकालीन निदेशक असले पाहिजेत. आमच्या शाळेत सहावी ते आठवी मिळून १८० पोरं आहेत. म्हणजे संगीताचा तास ही आम्ही मागितलेली मेहेरबानी नव्हे, तो मुलांचा कायदेशीर हक्क आहे. आपल्या राज्यात हे अंशकालीन निदेशक नेमलेही होते. तुटपुंजं मानधन, वर्षावर्षाची नेमणूक, मग बंद, मग आंदोलनं, मग कोर्ट. शिकवायचं सोडून ही माणसं आझाद मैदानावर बसली, आणि आपण त्यांची बातमी वाचून पान उलटलं.

२०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून राज्य ढवळून निघालं. मीही त्यावर लिहिलं होतं, निर्णय मागं घेतला तेव्हा पेढे वाटले होते. त्या १७ जूनच्या शासन निर्णयात एक मेख होती, आठवते का? हिंदीऐवजी दुसरी भाषा हवी तर निवडा, पण वर्गात किमान २० मुलांनी तीच मागितली तर शिक्षक मिळेल, नाहीतर ऑनलाइन शिका. आपण तेव्हा बरोबर ओळखलं की ही निवड कागदावरचीच आहे. वाडीवस्तीवरच्या शाळेत अख्ख्या वर्गाचा पट वीस नसतो, तिथं वेगळी भाषा मागणारी वीस पोरं आणायची कुठून? भाषेच्या बाबतीत आपल्याला हे लगेच समजलं. मग आपल्याच शाळेत दर जूनमध्ये भरून घेतल्या जाणाऱ्या या 'आवडीच्या विषया'च्या कागदाबद्दल आपण गप्प का? तिथंही चौकोन आहे, खूण आहे, सही आहे. फक्त विषय नाही.

आणि ही फसवणूक आजची नाही. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली. हाताच्या कामातून शिक्षण, नई तालीम, ही कल्पना आपल्या महाराष्ट्राच्या मातीतून देशभर गेली. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानं 'कार्यानुभव' शाळेत आणायला सांगितलं. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीनं त्याला 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असं लांबलचक नाव दिलं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं की सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाला सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, बागकाम, कुंभारकाम असं काहीतरी हातानं करायला मिळालं पाहिजे, आणि त्या काळात दहा दिवस दप्तराविना शाळा झाली पाहिजे. शाळेचा विषय आणि शाळेबाहेरचा छंद अशी भिंत नको, असंही म्हणतं. वाचताना छाती भरून येते. पण नव्वद वर्षं होत आली, दर पिढीला एक समिती तेच सांगते आणि दर पिढीत तो तास गणिताचे सर घेतात.

गणिताच्या सरांवर माझा राग नाही. मतदार याद्या, सर्वेक्षणं, पोषण आहाराचा हिशेब, रोजची ऑनलाइन माहिती, हे सगळं करून त्यांना भाग संपवायचाय. आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, मूल नापासही होऊ शकतं. त्यांना वेळ कुठून मिळणार? ज्या तासाला कुणी वाली नाही, त्या तासातूनच.

एका विषयाला मात्र थोडाफार वाली आहे. चित्रकला. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या परीक्षा आहेत आणि त्यांचे दहावीला वाढीव गुण मिळतात. म्हणून पालक विचारतात, "ग्रेड परीक्षेची तयारी करून घेता ना?" त्यामुळं काही शाळांत चित्रकला तगली. म्हणजे आपल्याकडं विषय जिवंत राहतो तो मार्कांच्या सलाईनवर. बागेला, वीजजोडणीला सलाईन कोण लावणार?

आता नेहमीचे तीन प्रश्न. मला समितीच्या बैठकीत तिन्ही विचारून झालेत.

पहिला. "ह्याचा पुढं काय उपयोग?"

एका वडिलांनी विचारलं. मी त्यांना उलट विचारलं, तुमच्या थोरल्यानं दहावीनंतर काय घेतलं? म्हणाले, सायन्स. का? "सगळे सायन्सलाच जात होते." पुढं काय झालं? बारावीला अडकला, आता एका दुकानात बसतो. वाईट नाही दुकान. पण त्या पोराला सोळाव्या वर्षापर्यंत शाळेनं कधीही, एकदाही, काही निवडायला दिलं नव्हतं. गणवेश शाळेचा, विषय शाळेचे, बाकही सर सांगतील तो. आणि एका जूनमध्ये अचानक त्याला सांगितलं, आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, आयटीआय, डिप्लोमा, यातलं आठ दिवसांत निवड, आयुष्याचा प्रश्न आहे. पोहायला न शिकवता विहिरीत ढकललं.

निवडणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. त्यासाठी चुकायला परवानगी पाहिजे, आणि चुकायला सगळ्यात स्वस्त वय सहावी ते आठवीचं. सहावीत पखवाज घेतला, हात दुखले, नाद उतरला, सोडला. सातवीत वायरिंग घेतलं, आवडलं. बुडालं काय? सहा महिने. कमावलं काय? मला काय जमतं, काय जमत नाही, आणि मी घेतलेला निर्णय मीच बदलू शकते, ही अक्कल. हीच चूक अकरावीत केली तर दोन वर्षं आणि बापाचे लाखभर रुपये जातात. नववीपासून बोर्डाची घोडदौड सुरू होते, तिथं चुकायला जागा नाही. म्हणून हे शनिवारचे दोन तास चैन नाहीत. माझ्या मते आठवड्यातले सगळ्यात उपयोगाचे दोन तास ते आहेत.

दुसरा प्रश्न जास्त गंभीर आहे आणि तो विचारणाऱ्याला मी मान देते. "आमच्या पोरांना परत सुतारकाम, शिवणकाम शिकवणार? शहरातली पोरं कोडिंग शिकणार आणि आमची रंधा मारणार?"

हा संशय हवेतला नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींच्या सरकारनं प्राथमिक शाळेची वेळ कमी केली आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. हे तर जातीचं शिक्षण, म्हणून लोक पेटून उठले आणि १९५४ मध्ये ती योजना गुंडाळावी लागली. बरोबरच झालं. पोरानं बापाचाच धंदा शिकायचा असेल तर शाळेत यायचंच कशाला?

पण त्यावर उतारा विषय बंद करणं हा नाही. त्यावर उतारा खरी निवड हाच आहे. सुताराच्या पोराला पेटी वाजवू दे, पाटलाच्या पोराच्या हातात रंधा दे, आणि वेल्डिंगचा चष्मा पोरीच्या डोळ्यावर चढू दे. आज काय होतं? शिवणकाम मुलींचं, मैदान मुलांचं, रांगोळी मुलींची, बाकडी उचलायला मुलं. निवडीशिवायचं कार्यानुभव म्हणजे घरातली जुनीच वाटणी शाळेत आणणं. लेकीनं मला "मुलींना शिकवतात ना?" असं दोनदा का विचारलं, ते आता नीट कळतंय. तिला उत्तर माहीत होतं. मला नव्हतं.

आणि कोडिंगचं म्हणाल तर तेही ठेवा की यादीत! माझं म्हणणं एवढंच की यादीत जे लिहाल ते वर्गात दिसलं पाहिजे. पाच खोटे विषय देण्यापेक्षा दोन खरे द्या.

तिसरा प्रश्न, "पैसा कुठंय?"

चला, हिशेब मांडू. १८० मुलांचे चार गट. आठवड्याला दोन जोडून तास. वर्षाचे ३६ शनिवार धरा. शिकवायला चार माणसं, तासाला २०० रुपये मानधन. चार माणसं गुणिले दोन तास गुणिले ३६ आठवडे, म्हणजे २८८ तास. गुणिले २००, म्हणजे ५७,६०० रुपये. पोरामागं वर्षाला ३२० रुपये. साहित्याचे अजून तेवढेच धरा. आपण एका पोराच्या एका महिन्याच्या क्लासला याहून जास्त देतो. वेळेचं म्हणाल तर कायद्यानं सहावी ते आठवीला वर्षाला १,००० तास अध्यापन व्हायला हवं. त्यातले हे पन्नाससुद्धा होत नाहीत. हजारातल्या पन्नास तासांनी कुणाचं गणित बुडतं?

माणसं कुठून आणायची हे तर विचारूच नका. गावात भजनी मंडळ आहे, त्यात पखवाज वाजवणारे आहेत. स्टँडमागं वेल्डिंगचं दुकान आहे. मोटार रिवाइंडिंग करणारा आहे. रोपवाटिका चालवणाऱ्या बाई आहेत. आणि हे स्वप्नरंजन नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून 'मूलभूत तंत्रज्ञान परिचय' हा विषय खेड्यातल्या माध्यमिक शाळांत गेला. आठवड्यातला एक दिवस पोरं वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, आरोग्य असं हातानं शिकतात आणि शिकवायला गावातलेच कारागीर असतात. जे आठवी ते दहावीला जमतं, त्याचं धाकटं भावंड सहावीला का जमू नये?

फक्त एक बजावून सांगते. हे वर्गणीवर ढकलायचं नाही. 'पालकांनी सहकार्य करावं' हे वाक्य आलं की समजायचं, सरकार हात झटकतंय. निदेशक देणं ही कायद्यानं सरकारची जबाबदारी आहे आणि पखवाज शिकवणारे बुवा फुकट येणार नाहीत, त्यांनी फुकट येऊही नये. ज्याच्या तासाला मोल नाही, त्याचा तास पहिला कापला जातो.

मी जूनच्या पहिल्या बैठकीत चार गोष्टी लेखी मांडणार आहे. एक, जो विषय शिकवायला माणूस नाही तो निवडीच्या कागदावर छापायचा नाही. दोन, शनिवारचे दोन तास दुसऱ्या कुठल्याही विषयाला द्यायचे नाहीत, आणि दर शनिवारी समितीचा एक सदस्य जाऊन बघून वहीत सही करेल. पहिल्या शनिवारी मी जाईन. तीन, अंशकालीन निदेशकांची मागणी ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं पाठवायची आणि पोच घ्यायची. चार, तास झाला नसेल तर नोंदीत 'तास झाला नाही' असंच लिहायचं.

चौथ्या मुद्द्यावर मुख्याध्यापक घाबरले. "ताई, वरून विचारणा होईल." मी म्हटलं, सर, तेच तर पाहिजे. इतकी वर्षं सगळं अ-१ आहे, म्हणून तर वरून कुणी विचारत नाही. ज्या राज्यातलं प्रत्येक पोर कागदावर तालासुरात गातं, तिथं संगीत शिक्षकाची गरज कुणाला वाटेल? आपल्याच खोट्या नोंदीनं आपण आपली मागणी मारून टाकलीय.

आता तुमचं काम. कपाटातून पोराचं निकालपत्रक काढा. वरचे मार्क झाकून ठेवा आणि खालच्या तीन ओळी पोराला वाचून दाखवा. विचारा, हा तास कोण घेतं? काय केलंस त्यात? उत्तर काय येतं ते खाली कमेंटमध्ये लिहा. शाळेचं आणि शिक्षकांचं नाव नको, गाव आणि इयत्ता पुरे. पन्नास उत्तरं जमली तरी ती छापून गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवते.

लेक आठवीत गेली. जूनमध्ये पुन्हा तो कागद येईल. परवा तिनं विचारलं, "आई, यंदा कशावर खूण करू? का तूच कर कशावर पण?"

त्या 'कशावर पण'साठी आपल्याला भांडायचंय.